कथा नेमकी कुठे अडते? (लिहिणाऱ्यांच्या चालढकलीविषयी)

माजघर:

आमच्या दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांचं पहिलं वाचन गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. अंक लहान, मानधन बेताचं, पण कथा आम्ही जीव लावून निवडतो. जूनमध्ये आवाहन जातं, जुलैअखेरची मुदत असते आणि ऑगस्टचा पहिला आठवडा फोन घेण्यात जातो. "कथा झालीच आहे, शेवट तेवढा राहिलाय." "डोक्यात सगळी तयार आहे, उतरवायची बाकी आहे." "घरात लग्न होतं, अजून चार दिवस द्या." फोन करणारी माणसं आळशी नाहीत. नोकरी, शेती, घर सांभाळून लिहिणारी आहेत. त्यांतल्या काहींचं गद्य इतकं चांगलं आहे की त्यांची कथा आली नाही की मला मनापासून वाईट वाटतं.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथाकाराला वर्षातली एक तारीख ठरवून मिळालेली आहे. मुदत असली की हात चालतो हे खरंच. पण ही मुदत वर्षभर आधी ठाऊक असूनही कथा अडतात, म्हणजे नुसती मुदत पुरत नाही.

म्हणून अलीकडे मी लेखकांना म्हणते, जेवढं झालंय तेवढं पाठवा, छापायला नको, मला वाचू तर द्या. अशा अर्धवट कथा वाचताना एक गोष्ट इतक्या वेळा दिसली की ती इथे मांडावीशी वाटली.

कथा लेखक दमला म्हणून थांबलेली नसते. पात्राला आता असं काही करायचं असतं की जे मागे घेता येणार नाही, आणि कथा बरोबर त्याच्या अलीकडच्या ओळीवर थांबलेली असते. तपशील बदलून दोन उदाहरणं देते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका, गावी बापाने सोसायटीतून काढलेलं कर्ज, सगळं अस्सल उतरलंय. निकाल लागतो, यादीत नाव नाही, तो घरी फोन लावतो. रिंग वाजते. कथा तिथे संपते, म्हणजे थांबते. दुसरी एका नर्सची. रात्रपाळीत चुकीचं औषध दिलं गेलंय हे फक्त तिला कळलेलं आहे. सकाळी डॉक्टर राउंडला येतात, त्याच रुग्णाच्या पलंगापाशी उभे राहतात. पुढे कोरं.

मुलगा बापाशी खरं बोलतो की खोटं, हे एकदा लिहिलं की कथा कशाबद्दल आहे ते ठरून जातं. तोपर्यंत ती कशाबद्दलही असू शकते, आणि डोक्यातली कथा नेहमी उत्तमच असते. लेखक घाबरतो ते या ठरून जाण्याला, असं माझं मत झालंय. आणि मग तो इतर कामाला लागतो. पहिला परिच्छेद पुन्हा घासायचा. त्या काळी पुणे–सोलापूर एसटीचं तिकीट किती होतं ते शोधायचं. पात्राचं नाव बदलायचं. त्याच विषयावरची आणखी एक कादंबरी वाचून काढायची. ही सगळी कथेचीच कामं असल्यामुळे ती चालढकल आहे हे त्यालाही उमगत नाही.

अलार्म, ॲप, वेळापत्रक यांच्या आधी ही जागा शोधा, एवढंच मला सांगायचंय. एका वाक्यात लिहून काढा, "मी अमुक प्रसंग लिहायचं टाळतोय." आणि मग मधली पानं सोडून तोच प्रसंग आधी लिहा, कसाही लिहा. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. पटलं नसेल तर तेही सांगा.

रानजाई:

वाचून अंगावर काटा आला. माझी कथा अगदी अशीच थांबलीये. थोरली बहीण माहेरी आलीये. भाऊ तिला हक्कसोडपत्रावर सही करायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेणार आहे. एसटीचा प्रवास, वाडा, दारातला आंबा, आईचं मुकाट्याने वावरणं, सगळं लिहून झालं. तिच्या हातात पेन दिलं आणि मी थांबले.

तेव्हापासून मी कायदा वाचतेय. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्न कधी झालं हा भेद नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. माझ्या कथेतल्या बहिणीचं लग्न १९९१ चं आहे, म्हणजे हे सगळं तिला लागू होतं, म्हणून वाचत गेले. टिपणांनी वही भरली.

पण ती सही करते की नाही हे मलाच माहीत नाही. जो प्रसंग मलाच ठाऊक नाही तो आधी कसा लिहू?

माजघर:

रानजाई, दोन्ही लिहा. एकदा ती सही करते, एकदा नाकारते. प्रत्येकी पानभर पुरे. वर्णन नको, कोण काय बोललं आणि कोण कोणाकडे बघत होतं एवढंच. त्यातलं खरं कुठलं हे लिहिता लिहिता कळतं. नुसता विचार करत बसल्याने कळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

कायद्याबद्दल सांगायचं तर, कथेला त्यातली एकच गोष्ट लागणार आहे. इतकी वर्षं ज्या बहिणीला कोणी विचारलं नाही, तिच्या सहीची आता भावाला गरज का पडली? ते उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे आणि ते फार मोलाचं आहे. ती वही आता मिटून ठेवा.

तळटीप:

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. चालढकल म्हणजे वेळेच्या नियोजनाचा दोष, ही समजूत अभ्यासकांनी बरीच मागे टाकली आहे. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेला विचार असा आहे. काम समोर आलं की भीती, कंटाळा, स्वतःबद्दलची शंका असं काहीतरी जागं होतं. काम टाळलं की ते तेवढ्यापुरतं शांत होतं, आणि मनाला या सुटकेची सवय लागते. म्हणजे आपण टाळतो ते कामासोबत येणारं वाटणं. माजघर म्हणतात ती जागा कथेतली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा असणार, तेव्हा टाळाटाळ तिथेच व्हावी हे जुळतंय.

दुसरा अभ्यास लिहिणाऱ्यांवरचाच आहे. लेखन अडलेल्या प्राध्यापकांवर रॉबर्ट बॉइस यांनी केलेला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सांगितलं होतं, अगदी तातडीचं सोडून काही लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, लिहावंसं वाटेल तेव्हा लिहा. तिसऱ्या गटाने ठरलेली पानं लिहिली नाहीत, तर त्यांनी आधीच भरलेले पैसे त्यांना मुळीच न आवडणाऱ्या संस्थेला जाणार होते. तिसऱ्या गटाची पानं सर्वांत जास्त झाली, ते अपेक्षितच होतं. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वांत जास्त सुचल्या. ही मंडळी कथाकार नव्हती आणि गट छोटे होते, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही "सुचलं की लिहीन" या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी हा प्रयोग आठवावा.

करून बघण्यासारखं काही हवं असेल तर पीटर गॉलविट्झर यांनी सांगितलेली पद्धत घ्या. "रोज लिहीन" असं ठरवू नका. "रात्रीची भांडी आवरून झाली की त्याच टेबलावर वही उघडून नर्सच्या प्रसंगातलं पहिलं बोलणं लिहीन" असं ठरवा. कधी, कुठे आणि नेमकं काय, हे तिन्ही आधी ठरलेलं असलं की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

कंदील:

उत्तम धागा. शिस्तीचं जे उदाहरण मला नेहमी धीर देतं ते अँथनी ट्रोलोपचं. इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलावर बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र आलं, त्यात त्याने हे सगळं उघडपणे लिहून ठेवलंय.

आणि आपल्याकडे साने गुरुजी. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे पूर्ण केली. बसलं तर होतं, असं या दोघांकडे बघून वाटतं.

उंबरठा:

कंदील काका, आदर ठेवून बोलते. ट्रोलोपला साडेपाचला उठवून कॉफी आणून देणारा नोकर होता, आणि त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळायचे. हेही त्याच आत्मचरित्रात आहे. माझ्या घरी पाचला उठून चहा मीच करते. नंतर दोन डबे, सासूबाईंची औषधं, पाणी भरणं. संध्याकाळी शिकवण्या घेते.

या धाग्यावर "वेळ नाही" हे निमित्त म्हणून धरलं जातंय, ते मला खुपतंय. काही जणींकडे खरोखरच वेळ नसतो. त्याला चालढकल म्हटलं की आधीच असलेल्या ओझ्यावर अपराधीपणाची भर पडते. साने गुरुजींचे ते पाच दिवस मी डोळ्यांत पाणी आणून वाचलेत, पण त्या पाच दिवसांत त्यांना कोणी जेवायला वाढायला बोलावलं नसेल.

रानजाई:

उंबरठा, अगदी मनातलं बोललात.

माजघर:

उंबरठा, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि ते या धाग्यावर असायलाच हवं होतं. ज्यांना वेळ मिळतो आणि तरी लिहून होत नाही, त्यांच्याबद्दल मी बोलत होते. ज्यांना वेळच मिळत नाही त्यांचा प्रश्न घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. तो घरातल्या माणसांशी बोलूनच सुटेल, लेखनाच्या युक्त्यांनी सुटणार नाही.

एक विचारते, रागावू नका. दिवसातून दहा मिनिटं मिळाली तर त्या दहा मिनिटांत कुठला प्रसंग लिहायचा हे तुम्हाला माहीत असतं का? थोडा वेळ असलेल्या माणसाला हे आधी ठरलेलं असणं जास्त गरजेचं आहे. नाहीतर दहाही मिनिटं मागचं वाचण्यात जातात.

उंबरठा:

रागावले नाही. मागचंच वाचत बसते, हे बरोबर ओळखलंत. विचार करून सांगते.

पाऊसवेळ:

मी अमेरिकेत असते. इथे नोव्हेंबरमध्ये कादंबरी लिहिण्याचा उपक्रम बरीच वर्षं चालायचा, नॅनोरायमो म्हणायचे त्याला. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकवीस जणांनी सुरू केला होता, पुढे जगभर पसरला. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे साधारण १,६६७. चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण लोक आपापले गट करून अजूनही लिहितात. दिवाळीचा फराळ आवरला की मीही मराठीतून लिहायला बसायचे.

त्यातून मला काय मिळालं ते सांगते. मागे वळून दुरुस्त करायचं नाही ही सवय मिळाली, आणि ती अजून टिकून आहे. पण शब्द मोजण्याची एक अडचण आहे, आणि ती माजघरच्या मुद्द्याशी जोडलेली आहे. रोजचा आकडा गाठायचा म्हणून मी पात्रांना भरपूर बोलायला आणि फिरायला लावायचे. आकडा गाठला जायचा, पण ज्या भांडणासाठी कादंबरी लिहायला घेतली होती ते भांडण लांबतच राहायचं. खूप लिहूनही चालढकल करता येते. आता मी शब्द मोजत नाही. आज पात्रांमध्ये काय बदललं, एवढं वहीत एका ओळीत लिहिते. ज्या दिवशी काही बदललं नाही, त्या दिवशी शब्द कितीही झाले तरी काम झालं असं धरत नाही.

हेमिंग्वे सांगायचा ती युक्तीही माझ्या फार कामी आली. पुढे काय होणार ते माहीत असतानाच थांबायचं. मी तर वाक्य अर्धं सोडून उठते.

गावशीव:

नमस्कार. मी मालवणजवळचा. माझं अडतं ते वेगळ्या ठिकाणी आणि त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्या कथेत दोन भावांचं घराच्या वाटणीवरून बिनसलेलं आहे. गणपतीत सगळे मूळ घरात जमतात आणि आरतीआधी धाकटा बोलतो. तो काय बोलतो ते मला तोंडपाठ आहे, कारण ते मी ऐकलेलं आहे. मला भीती आहे की गावात कोणीतरी वाचेल. आमच्याकडे वाचनालयात दिवाळी अंक येतात आणि हातोहात फिरतात. म्हणून मी वर्णनं लिहीत राहतो, बोलणं लिहीत नाही.

दुसरं म्हणजे मालवणीत लिहायचं की प्रमाण मराठीत, हे ठरवण्यातही बरेच दिवस गेले. प्रमाण भाषेत लिहिलं की धाकटा भाऊ बँकेतला साहेब वाटायला लागतो.

माजघर:

गावशीव, मालवणीतच लिहा. वाचकाला एखादा शब्द कळला नाही तरी चालतं, माणूस खोटा वाटला तर चालत नाही.

भीतीबद्दल माझं म्हणणं असं, की लिहायचं की नाही आणि छापायचं की नाही हे दोन निर्णय आहेत आणि ते तुमच्या मनात एक झालेत. आधी जसं ऐकलं तसं लिहा, कोणाला दाखवू नका. मग बदला. भावांच्या जागी चुलते-पुतणे करा, घराच्या जागी होडी करा, गणपतीच्या जागी जत्रा करा. बोलण्यातली धार शिल्लक राहते आणि माणसं ओळखू येत नाहीत. आणि एवढं करूनही कोणाला खरोखर इजा होणार असेल तर छापू नका. तो निर्णय घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तो लिहून झाल्यावरच नीट घेता येतो.

कंदील:

उंबरठा यांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. नोकराचा तो तपशील मीही वाचलेला होता, पण त्या बाजूने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

गावशीव यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. दस्तयेव्हस्की कर्जात बुडालेला असताना स्टेलॉव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन एक पैसाही न देता छापायचा हक्क प्रकाशकाला. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ झालेली नव्हती. मित्रांच्या सल्ल्याने त्याने लघुलेखक शोधला, आणि अ‍ॅना स्नित्किना ही तरुण मुलगी कामाला आली. तो बोलायचा, ती उतरवून घ्यायची, घरी जाऊन रात्री स्वच्छ प्रत करायची आणि दुसऱ्या दिवशी घेऊन यायची. सव्वीस दिवसांत 'द गॅम्बलर' पूर्ण झाली. प्रकाशक हस्तलिखित घ्यायला मुद्दाम जागेवर सापडेना, तेव्हा पोलिस चौकीत ते जमा करून पोच घ्यावी लागली. पुढच्या वर्षी त्या दोघांनी लग्न केलं.

लोक ही गोष्ट मुदतीची म्हणून सांगतात. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते समोर माणूस असणं. कोऱ्या कागदासमोर गप्प बसता येतं, पण आपलं बोलणं उतरवून घ्यायला आलेल्या माणसासमोर तसं बसता येत नाही. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये मराठी बोललं की टाइप होण्याची सोय आहे. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, नावं चुकतात, पण अडलेला प्रसंग कोणाला तरी सांगतोय अशा रीतीने बोलून टाकला तर पुढे जातो. निवृत्तीनंतर हात थरथरतो म्हणून मी असंच लिहितो.

गावशीव:

कंदील काका, करून बघितलं. फोनला मालवणी कळत नाही. "खय गेल्लंस" म्हटलं की भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून ते बंद केलं आणि सरळ आवाज रेकॉर्ड केला. रात्री पडवीत बसून धाकट्याचं बोलणं बोललो. नंतर ऐकून वहीत उतरवलं. आता ते माझ्याकडे आहे. छापायचं की नाही ते बघू.

सांजवात:

सगळं वाचतेय. मला विचारायचंय की लिहायची इच्छाच संपली असेल तर? प्रसंग माहीत आहे, वेळही आहे. पण वही उघडावीशी वाटत नाही, वाचावंसंही वाटत नाही. आधी मी अशी नव्हते.

तळटीप:

सांजवात, हे वेगळं असू शकतं आणि त्याला चालढकल समजून स्वतःला बोल लावू नका. लेखनाशिवायच्या आवडत्या गोष्टींतही रस वाटेनासा झालाय का, झोप किंवा भूक बिघडलीये का, सतत थकवा आहे का, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का, एवढं बघा. उत्तर हो असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉईड किंवा रक्तातल्या लोहाची कमतरता यांनीही असं होतं, ते तपासणीत कळतं. नैराश्य असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. लेखन कुठे जात नाही. आधी तुम्ही.

सांजवात:

झोपेचं हो. बाकीचंही बरंचसं हो. उद्या सकाळी आमच्या डॉक्टरांकडे जातेय. आभार.

पाऊसवेळ:

सांजवात, जाऊन आल्यावर लिहा. लेखनाबद्दल नको, तुमच्याबद्दल लिहा.

कंदील:

आणखी एक मुद्दा चर्चेला घेऊ या का? क्रमशः लेखन. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यात दर आठवड्याला प्रकरणाप्रकरणाने छापल्या. वाचक वाट बघतोय म्हटल्यावर लिहावंच लागतं. संकेतस्थळांवर आपणही असंच करतो. "पुढचा भाग लवकर टाका" असे दहा प्रतिसाद आले की उत्साह येतो.

पाऊसवेळ:

उत्साह येतो, पण संकेतस्थळांवर अर्धवट सुटलेल्या कथामालिका किती आहेत ते बघा ना. पहिल्या तीन भागांना भरभरून प्रतिसाद, चौथा भाग महिन्याने, पाचवा कधीच नाही. वाचक म्हणून मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्यातल्या काही खरोखर चांगल्या होत्या. मला वाटतं कौतुक लवकर मिळालं की लिहिण्याची निकड कमी होते. शेवटाबद्दल वाचकांचे अंदाज वाचून लेखक बिचकतो, तेही असेल.

माजघर:

मी पाऊसवेळच्या बाजूची. हरिभाऊ स्वतःच संपादक होते, अंक काढायची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि तरी त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्याच. मालिका टाकायचीच असेल तर पहिला भाग टाकण्याआधी तो टाळलेला प्रसंग लिहून तुमच्या वहीत तयार असू दे. मधले भाग मग आपोआप त्याच्याकडे जातात.

रानजाई:

दोन्ही लिहिलं. सही करते ते आधी लिहिलं, सोपं गेलं, पण वाचताना ती बाई मला कुठे दिसेना. नाकारते ते लिहिताना मी तिच्या तोंडी भाषण घातलं, कायद्याची कलमं आणि सालं सगळी त्यात आली. तेही तिचं नव्हतं, माझं होतं.

मग लिहिता लिहिता ती भावाला म्हणाली, "काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." भाऊ म्हणतो, नेहमीचाच मजकूर आहे. ती म्हणते, "तरी वाच." आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागतो. "मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय" असं म्हणताना त्याचा आवाज बसतो. हे मी ठरवलेलं नव्हतं. पुढे सही होते की नाही तेही आता मला कळलंय, पण इथे सांगत नाही.

माजघर:

रानजाई, फार छान. भावाला कागद वाचायला लावणं हे कुठल्याही भाषणाहून जास्त बोलतं.

आता एक काम करा. सुरुवातीची पानं पुन्हा वाचा. वाडा, आंबा, एसटी यांतलं बरंचसं तुम्ही या प्रसंगापर्यंत पोचायचं टाळताना लिहिलेलं असणार. आंबा राहू दे, पण तो ज्या गटात आहे त्या गटाचाच नंबर भाऊ वाचतोय असं झालं तर आंब्यावरची दोन पानं दोन ओळींत बसतील. आईबद्दलचं काही काढू नका. भाऊ वाचत असताना आई त्या कार्यालयात आहे की घरी थांबलीये?

रानजाई:

घरी होती. आता तिला बरोबर नेते. बाकावर बसवते.

उंबरठा:

मी विचार करून सांगते म्हटलं होतं, म्हणून आले. माझ्या कथेतला टाळलेला प्रसंग हा आहे. सासू रोज सकाळी चष्मा लावून पेपर धरून बसते, सगळं घर समजतं की तिला वाचता येतं. सुनेला फार आधीपासून माहीत आहे की येत नाही, आणि तिने ते कधी कोणाला कळू दिलेलं नाही. एक दिवस नातू शाळेतून चिठ्ठी आणतो आणि आईला न देता आजीच्या हातात देतो, "वाच ना." सून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. इथे थांबलीये.

काल शिकवणी सुटल्यावर दहा मिनिटं मिळाली, तेव्हा मागचं काही वाचलं नाही. सुनेने पुढे होऊन चिठ्ठी घेतली असं लिहिलं. पण मला ते फार सोयीचं वाटतंय.

गावशीव:

उंबरठाताई, सोयीचं आहेच. सून पुढे आली की सासूला काही करावंच लागत नाही. तिला दारातच थांबवा आणि सासूला करू दे काय करायचं ते. ती चिठ्ठी उलटी धरते का? "चष्मा आण" म्हणते का? की नातवालाच म्हणते, "तू वाच, बघू तुला येतं का"?

उंबरठा:

तिसरं. ती तेच म्हणेल. नातू वाचायला लागतो, आणि चिठ्ठीत त्याचीच तक्रार आहे, म्हणून तो मधली एक ओळ गाळतो. सुनेला ते कळतं, सासूला कळत नाही.

माजघर:

नातू काय गाळतो ते लिहा. आणि कथा आम्हालाच पाठवा असं मी म्हणणार नाही, पण पाठवलीत तर मुदत ३१ जुलै आहे आणि शब्दमर्यादा साडेतीन हजार.